लिंबात शिजलेला मासा

"वहिनी, लिंबं आहेत ना घरात? का बाजारात पळू?"

सिथोनने हातातली बादली जिन्याच्या पायथ्याशी ठेवली. बादलीत बोटाएवढे चंदेरी मासे एकमेकांवर उड्या मारत होते. खाम्पुन चुलीवरच्या बांबूच्या टोपलीतला चिकट भात झटक्याने उलटा करत होती. तिने मान वळवून बादलीत पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"हे कशाला आणलंस?"

"कशाला म्हणजे? लिंबातल्या माशाच्या कोईला! घरात एवढं कार्य आणि कोई नको?"

"डुक्कर शिजतंय. कोंबड्या शिजतायत. बांबूच्या कोंबांचं कालवण केलंय. मासे मागितले कोणी?"

"तुझ्या नवऱ्याने." सिथोन फतकल मारून बसला आणि कमरेचा सुरा काढून दगडावर घासायला लागला. "काल मला म्हणतो, इस्पितळात पडल्या पडल्या डोळ्यांसमोर कोई यायची रे, उद्या धरणावर जाऊन येशील का? आता मरणाच्या दारातून परत आलेल्या भावाला मी नाही म्हणू?"

"दे ती बादली इकडे. गवती चहा घालून उकळते."

"उकळलेला मासा!" ती मासा शेणात बुडवायला निघाली असावी असं तोंड सिथोनने केलं. "ते तुझ्या शाळेतल्या पोरांना घाल, वहिनी. लिंबाने मासा शिजतो. आज्या-पणज्यापासून शिजत आलाय."

"आणि म्हणूनच तुझे आजे-पणजे पन्नाशीत पिवळे होऊन मेले."

"मेले असतील. तेव्हा पाइप नव्हता ना!" सिथोनने सुऱ्याची धार अंगठ्यावर पाहिली. "दादाकडे बघ की. मागच्या महिन्यात हळदीत बुडवून काढल्यासारखा दिसत होता. आणि आता? नवरदेव! मोटारीची नळी तुंबली तर मोटार भंगारात टाकतो का आपण? नळी बदलतो. तसंच हे."

खाम्पुनच्या हातात भात पसरायचा लाकडी उलथना होता. तो त्याच्या टाळक्यात घालावा असं तिला फार वाटलं. पण अंगणात बायका केळीच्या पानांचा द्रोण वळत बसल्या होत्या, त्यात झेंडू खोचत होत्या, आणि आज घरात वाईट शब्द काढायचा नव्हता. तिने उलथना भातात खुपसला आणि पाठ फिरवली.

पाइप. महिनाभरात हा शब्द साऱ्या गावाच्या तोंडी झाला होता. पलीकडच्या आळीतल्या एकाने तर तिला रस्त्यात गाठून विचारलं होतं, कुठल्या मजल्यावर टाकतात तो पाइप, वहिनी, आधी नाव नोंदवावं लागतं का? त्याला तर अजून काही झालेलंसुद्धा नव्हतं.

खाम्पुन गावच्या शाळेत स्वयंपाक करायची. लग्न होऊन या गावात आल्यावर दुसऱ्याच वर्षी तिने तिथली मोठी पातेली हातात घेतली, आणि आता तिने जेवू घातलेल्या पोरांची पोरं तिच्यापुढे ताट धरत होती. आरोग्य केंद्रातली नर्सबाई एकदा शाळेत एक भलं मोठं चित्र घेऊन आली होती. नदीतला मासा, माशातला किडा, आणि तो किडा माणसाच्या यकृतात जाऊन बसलेला, पानासारखा चपटा. तिथे तो वर्षानुवर्षं राहतो आणि शेवटी गाठ होते. त्या दिवसापासून शाळेच्या पातेल्यात उकळल्याशिवाय मासा गेला नाही. पपईच्या कोशिंबिरीत घालायचं आंबवलेल्या माशांचं पाणीसुद्धा ती खळखळून उकळायची. पोरं मिटक्या मारत खायची. मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत कोणाची तिच्यापुढे बोलायची टाप नव्हती.

घरी मात्र दोन रांजण होते. एक तिचा, माशांच्या उकळलेल्या पाण्याचा. दुसरा नवऱ्याचा, बुन्थिनचा. उकळलं की वास मरतो, चव मरते, मग उरतं काय, असं तो म्हणायचा. आणि कोई तर बाप्यांचंच खाणं. भात कापून झाला, तळी आटायला लागली की बांधावर बसून मासे बारीक चिरायचे, वरून लिंबू पिळायचं, भाजलेल्या तांदळाची पूड, मिरची, पुदिना घालायचा. मासा पांढुरका दिसायला लागला की झाला शिजून. मग बाटली फिरायची. शिजवलेलं मागणाऱ्याला म्हणायचे, जा, बायकोच्या पदराखाली बसून पेज पी.

तिने सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. भांडून झालं, रडून झालं, एकदा तर तिने अख्खं ताट कोंबड्यांपुढे ओतलं होतं. मग सरकारने किड्याची गोळी वाटली. तिला वाटलं, सुटलो. कसलं काय! गोळी घेतली की पोट धुतल्यासारखं स्वच्छ होतं, आता पुन्हा खायला मोकळे, असा अर्थ या शहाण्यांनी काढला. आधी कोई, मग गोळी, मग पुन्हा कोई. या लोकांना औषध द्या, ते त्यातून खायची सवलत काढतात. आणि आता पाइप आला होता.

कापणी संपता संपता बुन्थिनचे डोळे पिवळे झाले. लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली. थकवा असेल, असं दोन्ही भावांचं मत पडलं. मग खाज सुटली.

त्या खाजेबद्दल गावात कोणी बोलत नाही. दुखलं तर माणूस कण्हतो, लोक विचारपूस करतात. खाजवणाऱ्या माणसाला बघून लोक हसतात. बुन्थिन आधी नखांनी खाजवायचा, मग कंगव्याने, मग मक्याच्या सुक्या कणसाने. एकदा ती शाळेतून आली तर तो भांडी घासायच्या तारेच्या घासणीने पाय घासत बसला होता आणि पायातून रक्त वाहत होतं. तिने त्याच्या हातांत मोजे घातले. त्याने ते दातांनी ओढून काढले. थंडीच्या दिवसांत तो तळ्यात गळ्यापर्यंत बुडून बसायचा, म्हशीसारखा, ओठ निळे पडेपर्यंत. आई गेली तेव्हा ज्याच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही तो माणूस तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, "मला सोलून काढ गं. कातडी काढून टाक माझी."

मग मुलगा आला. कोंग समुद्राकाठच्या मोटारींच्या कारखान्यात कामाला होता, बायको-मुलगी तिकडेच. रजा टाकून आला आणि बापाला गाडीत घालून शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला.

तिथली डॉक्टर बँकॉककडची होती, कोंगपेक्षाही लहान दिसायची. तिने मायलेकांना बाहेर बोलावून कागदावर झाड काढलं. हे यकृत, या फांद्या, हे खोड. फांद्यांमधलं पित्त खोडातून खाली उतरतं. फांद्या खोडाला मिळतात नेमकी तिथेच गाठ बसली आहे. ती कापून काढण्यासारखी राहिलेली नाही. तोंडातून दुर्बीण घालून तिथे तारेच्या जाळीची नळी बसवू, म्हणजे अडलेलं पित्त वाहायला लागेल.

"गाठ तशीच राहणार?" खाम्पुनने विचारलं होतं.

"गाठ राहणार, मावशी. वाढतही राहणार. पण कावीळ उतरेल, खाज जाईल, जेवण घशाखाली उतरायला लागेल. जे दिवस आहेत ते त्रासाचे जायला नकोत, म्हणून हे करायचं. नळी पुन्हा तुंबू शकते. थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर तशाच निघून या." मग तिने पेनला टोपण लावलं. "आणि त्यांना जे आवडेल ते खाऊ द्या."

हे शेवटचं वाक्य खाम्पुनच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. त्या पोरीच्या मनात पेज असणार, फार तर भाजलेली कोंबडी. बुन्थिनला काय आवडतं ते तिला कुठून ठाऊक असणार?

कोंगने तिथेच आईचा हात धरला होता. "बाबांना सांगायचं नाही. ऐकलंस ना? गावातही नाही. कळलं की ते हातपाय गाळतील." आणि त्याने गावाला फोन करून सांगितलं, की पाइप टाकला, रस्ता मोकळा झाला, बाबा आता ठीक आहेत. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरं अर्धंच होतं. त्या अर्ध्यावर गावाने उत्सव मांडला होता.

आठवडा जातो न जातो तोच बुन्थिन खरोखर निवळला. खाज गेली. तो रात्रभर झोपला, तेव्हा ती उशाशी बसून त्याचे शांत पडलेले हात बघत राहिली. त्या नळीचे तिच्यावर फार उपकार होते. नळीवर तिचा राग नव्हताच.

"कुठाय ती सिथोनची बादली?"

बुन्थिन जिना उतरत होता. सदरा त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता, पण डोळ्यांतलं पांढरं पांढरं दिसत होतं. बादलीपाशी उकिडवा बसून त्याने पाण्यात बोटं घातली आणि लहान पोरासारखा हसला.

"ताजे आहेत. वा! सिथोन, पुदिना हात सोडून घाल हां. त्या इस्पितळात पेज घालून घालून माझी जीभ मारून टाकली."

"तुझं पित्त तुंबलं होतं ना दादा," सिथोन म्हणाला, "मग त्यांनी काढलेलं पित्त कुठे ठेवलं? खिम्याच्या लापमध्ये घालायला आणायचंस."

"तेच मी त्या डॉक्टरणीला म्हटलं! आम्ही बैलाचं पित्त मटणात घालून चाटून खातो, बाई, ते कधी बाधलं नाही, आणि माझं स्वतःचंच कसं नडलं? ती हसली. हसली, पण उत्तर दिलं नाही."

दोघं भाऊ खो खो हसले. खाम्पुनला हसू येत नव्हतं आणि ओरडताही येत नव्हतं. जिला ओरडायची सवय आहे तिचं तोंड बांधलं की काय होतं, ते तिला या महिन्यात कळलं होतं. बुन्थिनने खावं. खुशाल खावं. आता कच्चं खाल्लं काय नि शिजलेलं खाल्लं काय, त्याचं वाटोळं व्हायचं ते होऊन गेलं होतं. इतक्या महिन्यांनी त्याला भूक लागली होती, आणि ती भूक मारायला तिचा हात उठत नव्हता. पण बुन्थिनच्या ताटाला ताट लावून कोंग बसणार होता. त्याला अडवायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की सगळंच सांगितल्यासारखं होणार.

तिने कोंगला रांजणांच्या आडोशाला गाठलं. तो बर्फाची पेटी उचलत होता.

"तू खाणार नाहीस."

"आई, पुन्हा नको."

"तू खाणार नाहीस, कोंग. झाड बघितलंस ना त्या कागदावरचं?"

"हळू बोल." त्याने अंगणाकडे नजर टाकली. "काकांनी ताट पुढे केलं नि मी नाही म्हटलं, की बाबा विचारणार का रे बाबा, काय झालं? आजवर तर खात आलास. काय सांगू? तू सांग, काय सांगू?"

"पोट बिघडलंय म्हण."

"कोईला पोट बिघडलंय म्हणतात का कोणी? हसतील. एक घास खाईन, आई. एका घासाने काय होतंय? जाताना गोळी घेईन."

"तुझा बापही हेच म्हणायचा. एक घास."

"मग काय करू? आजच्या दिवशी त्यांचं तोंड उतरलेलं बघू?" कोंगचा आवाज चिरकला. "तुला तुझंच खरं करून दाखवायचंय. इतकी वर्षं सांगत होते, बघा, झालंच शेवटी. हेच म्हणायचंय ना तुला सगळ्यांसमोर?"

पेटी उचलून तो निघून गेला. खाम्पुन तिथेच उभी राहिली. मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. कारण मनाच्या एका कोपऱ्यात तिला तसं म्हणायचं होतंच. गावातल्या एकेकाला कानाला धरून त्या बादलीसमोर उभं करून म्हणायचं होतं. त्यात चूक काय होती तेही तिला कोणी सांगावं.

दुपार होण्याआधी फोम्मा आजोबा आले. तरुणपणी ते भिक्षू होते, आता गावातले सगळे ख्वान तेच बोलवायचे. माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान, म्हणजे प्राण, राहतात. आजारपणात, अपघातात ते भेदरून रानोमाळ पळतात, आणि त्यांना हाका मारून परत आणल्याशिवाय माणूस पुरता घरी आला असं होत नाही. माचीवर चटया अंथरल्या. केळीच्या पानांच्या द्रोणाभोवती उकडलेली अंडी, केळी, भात, दारूची बाटली मांडली. बुन्थिन स्वच्छ पंचा खांद्यावर टाकून मध्ये बसला, त्याच्या उजव्या हाताला कोंग. सगळ्यांनी एकमेकांना हात लावले आणि आजोबांनी सूर धरला.

"या हो ख्वान, या! रानात असाल तर या, नदीकाठी असाल तर या. इस्पितळाच्या खाटेखाली घाबरून बसला असाल तर तिथूनही या. घरात भात ऊन आहे, बायको वाट बघते आहे..."

बायकांनी डोळे पुसले. मग लोक एकेक पांढरा दोरा घेऊन पुढे सरकले, बुन्थिनच्या मनगटाला बांधू लागले. शंभर वर्षं जग. आयु, वर्ण, सुख, बल. पुढच्या हंगामाला नांगर धर. नातीच्या लग्नात नाच. बुन्थिन प्रत्येकाला हात जोडत होता. त्याचा हात कोपरापर्यंत पांढरा झाला. खाम्पुनने त्याला दोरा बांधला तेव्हा तिच्या तोंडून एवढंच निघालं, "नीट झोप लागो." तो तिच्याकडे बघून हसला.

एव्हाना पुरुषांच्या बाजूला बाटली फिरत होती, आणि सिथोनने ताट आणून बुन्थिनसमोर ठेवलं. पुदिन्याचा, लिंबाचा, मिरचीचा वास माचीभर पसरला. आजाऱ्याचे दोरे झाले की घरातल्यांचे बांधायचे असतात. खाम्पुनने कोंगचा डावा हात घेतला, मनगटाखालून दोरा घातला. त्याच्या उजव्या हातात भाताचा गोळा होता.

"घे बाळा, पहिला घास तुझा!" सिथोनने ताट त्याच्याकडे सरकवलं. त्याचं तोंड दारूने लाल झालं होतं. "बापासारखा खा. घाबरायचं काम नाही. तुंबलं तर पाइप आहेच!"

सगळे हसले. बुन्थिनही हसला. कोंगनेही हसल्यासारखं केलं आणि घास ताटाकडे नेला.

खाम्पुनने त्याचं मनगट आवळलं.

"सोड ना, आई."

"पाइप आहेच?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "काय आहे पाइप? सिथोन, सांग मला. काय आहे पाइप?"

"वहिनी, अगं गंमत केली..."

"पाइपाने रोग जात नाही! पित्त वाहतं, बस्स. गाठ आहे तिथेच आहे. कापता आली नाही, म्हणून नळी घातली. ती बरी करायला घातलेली नाही, खाजवून खाजवून मरू नये म्हणून घातली आहे! कळलं? आणि तुम्ही इथे बसून माझ्या पोराला..."

ती थांबली. हसू कधीच विझलं होतं, आणि बुन्थिन तिच्याकडे बघत होता.

अंगणातलं कुत्रं पाठ खाजवत होतं तेवढाच आवाज.

"खाम्पुन!" फोम्मा आजोबा म्हणाले. "अगं, ख्वान आत्ता कुठे उंबऱ्यात आले होते. तोंडाला काही लगाम?"

"झालं समाधान?" कोंग दातांत बोलला. त्याने हात हिसडा देऊन सोडवून घेतला. दोऱ्याची गाठ बसायची राहिली होती, तो चटईवर पडला.

खाम्पुनला वाटलं, आता बुन्थिन उठेल, नाहीतर खाली पडेल, नाहीतर विचारेल की किती दिवस. ती वाट बघत राहिली. त्याने द्रोणातल्या झेंडूकडे पाहिलं, मग स्वतःच्या दोरे बांधलेल्या हातांकडे.

"म्हणजे खाज परत येणार?" त्याने विचारलं.

एवढंच. आणि हा माणूस त्या खाजेला मरणापेक्षा भीत होता, हे तिथे तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

"नळी तुंबली तर येईल," ती म्हणाली. "मग पुन्हा जाऊ. पुन्हा मोकळी करतात. जितक्या वेळा तुंबेल तितक्या वेळा जाऊ."

त्याने मान हलवली, जशी ती बाजारातून काय आणायचं ते सांगायची तेव्हा हलवायचा. मग तो सिथोनकडे वळला.

"ते ताट दे इकडे."

"हा माझा भाऊ!" सिथोनला हायसं वाटलं. "खा, दादा, खा. बायकांचं काय घेऊन बसतोस..."

बुन्थिनने ताट दोन्ही हातांनी उचलून तोंडाजवळ आणलं. डोळे मिटून त्याने वास घेतला. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. जिभेला पाणी सुटलेलं खाम्पुनला दिसत होतं. पेजेवर काढलेले सगळे दिवस त्याने याच ताटाच्या आशेवर काढले होते. मग त्याने डोळे उघडले आणि ताट तिच्यापुढे धरलं.

"हे परतून आण."

"अरे, लिंबू पडलंय त्यात!" सिथोन ओरडला. "आता आचेवर ठेवलं तर कडू होईल. कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही."

"होऊ दे कडू."

"दादा, एक कर, तुला नको तर नको, पण आम्हाला..."

"माझ्या घरात परतूनच येईल," बुन्थिन म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडण्याइतकं बळ त्याच्या अंगात नव्हतं. "ज्याला नको असेल त्याने जावं."

सिथोन उठला. त्याच्याबरोबर दोघंतिघं उठले, बाटलीही उठली. जाताना त्याने जिन्याखालची बादली उचलली. अर्धे मासे अजून जिवंत होते. खाम्पुन ताट घेऊन चुलीकडे जातच होती. ती तिथूनच ओरडली, "जा! खुशाल खा! आणि पिवळे झालात की इस्पितळाचा मजला विचारायला माझ्या दारात येऊ नका!"

सिथोनने मागे वळून पाहिलं नाही.

तिने तवा जाळावर ठेवला, ताट त्यात पालथं केलं. मासा चर्र झाला, पांढरा पडला, पुदिना काळा पडला. लिंबू जळल्याचा कडवट वास उठला आणि तिच्या डोळ्यांत गेला. ती उलथन्याने तवा खरवडत राहिली. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता. या एका गोष्टीसाठी तिने उभा जन्म घसा फोडला होता. आज तो पहिल्यांदा ऐकत होता, आणि कधी, तर त्याच्या स्वतःच्या उपयोगाचं काही उरलं नव्हतं तेव्हा.

तिने ताट नेऊन दोघांच्या मध्ये ठेवलं. कोंगने तिच्याकडे बघितलं नाही. फोम्मा आजोबा डोळे मिटून पुटपुटत होते, बहुतेक पळालेल्यांना पुन्हा बोलवत असावेत. उरलेल्या माणसांनी आपापल्या ताटात नजर घातली होती.

बुन्थिनने चिकट भाताचा गोळा वळला, करपलेला मासा त्यावर घेतला आणि तोंडात टाकला. बराच वेळ तो चावत राहिला.

"कडू झालंय," तो म्हणाला.

मग त्याने आणखी एक घास खाल्ला, आणि आणखी एक. ताट कोंगकडे सरकवलं.

"खा. यापुढे असंच खायचं."

कोंगचा हात लवकर उठला नाही. बुन्थिन थांबला. शेवटी कोंगने घास घेतला, तोंड वेडंवाकडं करत चावला. तो पुरता गिळेपर्यंत बुन्थिन त्याच्या गळ्याकडे बघत राहिला, आणि मगच त्याने स्वतःसाठी पुढचा घास वळला.